कॉफीच्या पेल्याचा हिशेब

(बल्लारपूर येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोळसा, कागद आणि रेल्वे यांच्या आधाराने वाढलेल्या या गावात अभ्यासवर्गासाठी ‘कॉफी’ हा विषय ठेवलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. बल्लारपूर हे चहाचे गाव आहे. पाळी सुटल्यावर कामगार टपरीवर थांबतो तो अर्ध्या चहासाठी. कॉफी येथे ठाऊक आहे ती दक्षिणेतून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांच्या स्वयंपाकघरामुळे आणि बल्लारशाह स्थानकावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे. मग जंगलाच्या या जिल्ह्यात शहरी कॉफीच्या दुकानाची चर्चा कशासाठी?

त्याचे कारण असे की, ते दुकान आता या गावापासून दूर राहिलेले नाही. येथील कागद गिरणीचा पाया १९४५ साली घातला गेला. तिच्या भोंग्यावर गावाच्या दोन पिढ्यांचे आयुष्य बेतलेले होते. पुढे मूळ कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखालील प्रक्रियेत गेली, आणि ‘बापाच्या जागी मुलगा’ हा हिशेब त्याच्या पुष्कळ आधी मोडला होता. शिकलेली मुले-मुली पुण्या-मुंबईला गेली. कोणी संगणकावर काम करतो, कोणी दुकानाच्या गल्ल्यावर उभा असतो, कोणी कॉफीच्या यंत्रामागे. वर्षातून एकदा ही मुले आईवडिलांना बोलावून घेतात, शहर दाखवतात, आणि एखाद्या संध्याकाळी कौतुकाने त्या दुकानात नेतात.

अशी दुकाने मोठ्या शहरांत गेल्या दहा-बारा वर्षांत वाढली. टाटा आणि अमेरिकेतील स्टारबक्स यांच्या भागीदारीतील पहिले दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उघडले. दिल्लीची ब्लू टोकाई २०१३ ची, बंगळूरची थर्ड वेव्ह २०१६ ची. यांपैकी नंतरच्या दुकानांचा दावा पहिल्यापेक्षा वेगळा आहे. आमची कॉफी ‘स्पेशालिटी’, म्हणजे विशेष प्रतीची आहे, असे ती सांगतात. हा शब्द एर्ना क्नुटसेन या अमेरिकेतील कॉफी व्यापारी स्त्रीने १९७४ मध्ये रूढ केला. जाणकार परीक्षक कॉफी चाखून तिला शंभरांपैकी गुण देतात, आणि ऐंशी किंवा अधिक गुण मिळाले तरच ती या वर्गात बसते.

गिरणीतून निवृत्त झालेला बल्लारपूरचा एखादा कामगार मुलीबरोबर अशा दुकानात गेला, अशी कल्पना करावी. तो तेथे बुजून जाईल, ही समजूत चुकीची आहे. ज्याने आयुष्यभर वाफ, दाब आणि तापमान सांभाळले, त्याला ते यंत्र पाहताच समजते. नऊ वातावरणांचा दाब, नव्वदीच्या पुढे तापलेले पाणी आणि अर्ध्या मिनिटाच्या आत पुरी होणारी धार! समोरचा तरुण तराजूवर अठरा ग्रॅम पूड मोजतो, दशांश ग्रॅमचाही फरक चालू देत नाही. यात काही भंपकपणा नाही. हे कसब आहे, आणि कसबाची किंमत कामगाराइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? फळीवरच्या पिशवीवर छापलेले असते की, ही कॉफी चिकमगळूरच्या अमुक मळ्यातली, समुद्रसपाटीपासून इतक्या मीटर उंचीवरची, झुडपाची जात ही, फळ असे वाळवले, आणि बी भाजल्याची तारीख ही.

मग बिल येते. अशा दुकानात दुधाच्या एका पेल्याला अडीचशे ते साडेतीनशे रुपये पडतात. मुलगी म्हणते, “बाबा, पैशाचं मनावर घेऊ नका.” परंतु ज्याने घर पगारावर चालवले, त्याचे मन हिशेब केल्याशिवाय राहत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरलेली होती. ज्या राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, त्या राज्यात उन्हातल्या एका दिवसाचे श्रम आणि वातानुकूलित खोलीतला एक पेला यांची किंमत सारखी झाली, हे या हिशेबाचे पहिले वाक्य होय.

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकसभेत डॉ. राममनोहर लोहिया यांनी देशातील सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर दिवसाला पंचवीस हजार रुपये खर्च होतात, असा आरोप केला. सरकारने पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. तीन की पंधरा हा वाद गाजला. पण त्या वादाचे खरे मोल आकड्यात नव्हते. एका माणसाचा दिवस आणि दुसऱ्या माणसाचा दिवस एकाच तागडीत घालून मोजता येतो, मोजला पाहिजे, हे त्या चर्चेने सभागृहाला मान्य करायला लावले. कॉफीचा पेला आणि हमीची मजुरी यांची तुलना त्याच परंपरेतली आहे.

मात्र येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. तीनशे रुपयांची कॉफी पिणाऱ्या मुलीला अपराधी ठरवणे सोपे आहे. त्यातून टाळ्याही मिळतात. परंतु ती मुलगीही श्रमच विकते. महिनाभर भाड्याच्या खोलीत राहून तिने वडिलांना एक संध्याकाळ दिली, यात पाप कसले? उपभोगाची निंदा करणे म्हणजे समाजवाद नव्हे. तो बैराग्याचा धर्म झाला. समाजवादाला विचारायचे आहे ते निराळेच: हे तीनशे रुपये जातात कोठे?

ते ताळा करून पाहता येते. एका पेल्याला अठरा ग्रॅम भाजलेली पूड लागते. भाजताना बीचे वजन घटते, म्हणून कच्ची बी सुमारे एकवीस ग्रॅम धरावी. कच्च्या बीचा भाव किलोला सहाशे रुपये, म्हणजे चांगला चढा धरला, तरी मळ्याच्या वाट्याला पेल्यामागे तेरा रुपयांच्या आसपास येतात. या तेरा रुपयांतच खत, सावलीच्या झाडांची छाटणी, फळाची तोडणी, धुणे, वाळवणे आणि मळेवाल्याचा नफा हे सारे बसवायचे. उरलेले पावणेतीनशेहून अधिक रुपये भाजणारा, वाहतूकदार, दूध, वीज, कर, यंत्रावरचे व्याज, कामगारांचा पगार, जाहिरात, नफा आणि जागेचे भाडे यांच्यात वाटले जातात. हे सगळेच लूट आहे असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. यंत्र चालवणाऱ्याचा पगार ही लूट नव्हे. परंतु मोठ्या शहरात चांगल्या रस्त्यावरच्या दुकानाचे भाडे हा यातला जबर वाटा असतो, हे विसरता कामा नये. गिऱ्हाईक समजते की आपण कॉफी विकत घेतली. वस्तुतः त्याने घटकाभर शहरातली जमीन भाड्याने घेतलेली असते, आणि त्या जमिनीच्या मालकाने कॉफीचे झुडूप कधी पाहिलेलेही नसते.

आता या दुकानाच्या पदरात एक श्रेय घातले पाहिजे. त्याने गिऱ्हाइकाला एक चांगली सवय लावली. माल कोठून आला, हे विचारण्याची सवय. बाजाराची रीत याच्या उलट असते. बाजार मालाचे नाव पुसतो. हजारो मळ्यांची बी एका गोदामात मिसळली की तिचा भाव न्यूयॉर्क आणि लंडनच्या सट्टाबाजारात ठरतो, आणि पिकवणारा शेतकरी भाव सांगणारा न राहता भाव ऐकणारा होतो. १९६२ पासून आंतरराष्ट्रीय करारांनी देशादेशांचा निर्यातीचा कोटा बांधून भाव काहीसा सावरला होता. जुलै १९८९ मध्ये ती व्यवस्था कोसळली. भारतात कॉफी बोर्ड सर्व मळ्यांची कॉफी एकत्र घेऊन विकत असे. १९९२ पासून तो बंध सैल होत गेला आणि १९९६ पर्यंत संपला. बोर्डाचा कारभार दिरंगाईचा होता, त्याविरुद्ध मळेवाल्यांचीच तक्रार होती, हे खरे. पण बंध सुटल्यानंतर २००१ च्या सुमारास जागतिक भाव कित्येक दशकांच्या नीचांकाला गेला, तेव्हा लहान शेतकऱ्याला सावरायला कोणीच उरले नव्हते. याउलट फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कला अरेबिका कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. दोन्ही वेळी चिकमगळूरचा किंवा कोडगूचा शेतकरी तोच होता, कष्ट तेच होते. भारतातील कॉफीच्या खातेदारांपैकी बहुसंख्य लहान शेतकरी आहेत, म्हणून या हेलकाव्याचा मार त्यांनाच अधिक बसतो.

अशा वेळी मालाला नाव मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. नाव असलेल्या मालाला भाव मागता येतो. आंध्रमधील अराकू खोऱ्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथील आदिवासी शेतकऱ्यांच्या लहान लहान तुकड्यांवरची कॉफी सहकारी संस्थेमार्फत एकत्र आली, २०१७ मध्ये तिच्या नावाचे दुकान पॅरिसला उघडले आणि २०२१ मध्ये बंगळूरला. २०१९ मध्ये अराकूच्या अरेबिकाला भौगोलिक मानांकन मिळाले. विदर्भातल्या चिखलदऱ्यालाही कॉफी होते. मेळघाटच्या त्या कॉफीचे नाव मात्र विदर्भाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नाही. नाव असणे आणि नसणे यांत एवढे अंतर पडते.

परंतु नाव कोठवर जाते आणि कोठे थांबते, हेही पाहिले पाहिजे. त्या फळीवरच्या पिशवीवर मळ्याची उंची लिहिलेली असते, झुडपाची जात लिहिलेली असते, मळेवाल्याच्या घराण्याची किती पिढ्यांची परंपरा आहे तेही लिहिलेले असते. फळ तोडणाऱ्या बाईची मजुरी मात्र लिहिलेली नसते. कोडगूच्या मळ्यांत पिढ्यानपिढ्या राबणारे यरव आणि जेनु कुरुब हे आदिवासी आहेत. मळ्याच्या ‘लाइनी’तील एका खोलीत त्यांचे संसार झाले. अलीकडे त्यांच्या जोडीला दूरच्या राज्यांतून आलेले मजूर आहेत. डोंगरउतारावर वाकून एकेक पिकलेले लाल फळ निवडून तोडण्याच्या कसबाशिवाय ऐंशी गुण मिळूच शकत नाहीत. कच्चे फळ मिसळले की चव बिघडते. ज्या बोटांनी गुण मिळवले ती बोटे पिशवीवर नाहीत. गिऱ्हाइकाने ‘कोठून’ हा प्रश्न विचारला. ‘कोणाच्या हातून आणि किती मजुरीवर’ हा प्रश्न मळ्याच्या फाटकाशीच थांबला.

हीच गोष्ट यंत्रामागे उभ्या असलेल्या तरुणाची. तो दिवसभर उभा असतो. त्याच्या छातीवर नावाची पट्टी असते, पण त्याच्या कामाचे तास कोण मोजतो? महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच मुख्यत्वे लागू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करण्याचा निर्णय घेतला. ज्या दुकानात आठ-दहा मुले दोन पाळ्यांत काम करतात, ते दुकान अशा मर्यादेत कोठे बसते, हे सांगायला वकील लागत नाही.

आता हाच हिशेब बल्लारपूरला लावून पाहावा. कॉफीच्या निमित्ताने हा विषय येथे मांडण्याचे खरे प्रयोजन हेच आहे. या गावातून निघालेल्या कागदाच्या रिमावर गिरणीचे नाव छापले जात असे. त्या कागदावर देशभरची मुले लिहायला शिकली. परंतु त्या कागदात धानोऱ्याचा, एटापल्लीचा बांबू आहे, हे रिमावर कधी छापले गेले नाही. शासनाने दीर्घ मुदतीच्या करारांनी जंगलातला बांबू गिरणीला दिला. त्याच जंगलात राहणाऱ्या माणसाला मात्र कुडाच्या भिंतीसाठी आणि टोपलीसाठी बांबू तोडला तर वनरक्षकाची भीती. गिरणीत कामगारांची संघटना झाली, बोनस मिळाला, वसाहत उभी राहिली. या यशाचा अभिमान जरूर बाळगावा. पण बांबू तोडणारा मजूर त्या संघटनेच्या हजेरीपटावर कधी आला नाही, हेही मान्य केले पाहिजे. फाटकाच्या आतला कामगार आणि जंगलातला कामगार एकाच कागदाचे दोन श्रमिक होते. त्यांची ओळख करून देण्याचे काम चळवळीकडून पुरेसे झाले नाही.

ती कोंडी गडचिरोलीच्या एका गावाने फोडली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा आणि त्याआधी अभ्यास करायचा, ही या गावाची रीत. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची अभ्यासमंडळे यांतून ती घडली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याचाच, असा पेच राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. एका परवाना पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला एवढ्या दूर यावे लागले, यातच सत्ता कोठे अडून बसते ते दिसते. त्यानंतर बांबूचा भाव ग्रामसभेने ठरवला, तोडणीची मजुरी ग्रामसभेने ठरवली, आणि हिशेब गावासमोर वाचला गेला. पुढे पेसा कायद्याच्या आधारे जिल्ह्यातील कित्येक ग्रामसभांनी तेंदूपानाचे लिलावही स्वतः केले. त्यांत फसवणूक झाली, थकबाकी राहिली, ठेकेदारांनी कड्या केल्या. हे सर्व घडले. पण हिशेबाची वही गावात आली ती आलीच.

कॉफीच्या दुकानातील नाव आणि मेंढ्याच्या परवान्यावरील नाव यांत हाच भेद आहे. पहिले नाव गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी छापलेले असते. दुसरे नाव मालकीचे आहे. जेथे श्रम करणाऱ्याच्या हाती भाव, मजुरी आणि वही आली, तेथेच नावाला अर्थ आला.

कॉफीच्या इतिहासातही असा एक अध्याय आहे, आणि तो समाजवाद्यांना विसरता येणार नाही. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले. पुढे कॉफी बोर्डाने देशभर अशी घरे चालवली. १९५० च्या दशकात बोर्डाने ती बंद करण्याचे ठरवले, आणि कामगार रस्त्यावर येण्याची वेळ आली. तेव्हा साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली १९५७ मध्ये बंगळूरला. ज्यांनी पेले उचलले तेच दुकानाचे धनी झाले. दिल्लीच्या कॉफी हाउसात लोहियांच्या भोवती रंगलेल्या बैठकांची आठवण जुने कार्यकर्ते सांगत असत. आणीबाणीत १९७६ मध्ये ते कॉफी हाउस पाडले गेले. स्वस्त पेल्याभोवती बसून माणसे सरकारविरुद्ध बोलतात, एवढे सत्तेला पुरेसे कळले होते.

या कॉफी हाउसांचे गुणगान करताना त्यांचे अपयशही झाकू नये. अनेक शहरांत ती बंद पडली. कोठे भाडे परवडेना, कोठे व्यवस्थापन ढिलावले, कोठे कॉफीचीच चव राहिली नाही. कामगारांची मालकी असली म्हणजे मालाची प्रत आपोआप राखली जाते, असे नाही. नवे दुकान कसबाची कदर करते, पण मालकी देत नाही. जुन्या कॉफी हाउसाने मालकी दिली, पण पुष्कळदा कसबाकडे दुर्लक्ष केले. या दोहोंची सांगड घालणे हे सहकाराचे पुढचे काम आहे. अराकू आणि मेंढा ही त्या वाटेवरची दोन अपुरी पण खरी पावले होत.

मग चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? येथून शहरात गेलेल्या मुलांशी पक्षाचा संबंध तुटला आहे, तो जोडला पाहिजे. कॉफीच्या यंत्रामागचा, पार्सल पोहोचवणारा, मॉलमध्ये उभा असणारा तरुण हा गिरणी कामगाराचाच वारस आहे. त्याच्या कामाच्या तासांची, नेमणूकपत्राची आणि भविष्यनिर्वाह निधीची चौकशी करणारे कोणीतरी शहरात असले पाहिजे, आणि त्याचा पत्ता या गावातून गेला पाहिजे. त्याचबरोबर बांबू, तेंदू, मोह, मध यांना नाव मिळवून देण्याचे काम ग्रामसभांच्या हातून व्हावे. उद्या एखादी कंपनी येऊन गडचिरोलीचा मध सुंदर बाटलीत भरील आणि तीवर जंगलाचे चित्र छापील, तेव्हा चित्राखाली ग्रामसभेचे नाव आणि करारात गोळा करणाऱ्याची मजुरी असेल, हे आजच ठरवून ठेवले पाहिजे. आणि तिसरे, जे सर्वांत अवघड आहे: ग्रामसभेची वही दर महिन्याला मोठ्याने वाचली गेली पाहिजे. ज्या गावात वही वाचली जात नाही, तेथे ठेकेदाराच्या जागी गावातलाच दुसरा कोणी बसतो.

शहरात मुलीबरोबर कॉफी पिऊन परतलेल्या कामगाराला शेजारी विचारतील, “कशी होती?” त्याने खुशाल सांगावे की चांगली होती. पण पिशवीवर काय लिहिले होते आणि काय लिहिले नव्हते, तेही त्याने सांगावे. आणि पुढच्या खेपेस शहरात गेल्यावर गल्ल्यावरच्या मुलाला शांतपणे विचारावे की, बाळा, तुझी पाळी किती तासांची? उत्तर मिळाले तर ते लिहून घ्यावे आणि पक्षाच्या कार्यालयात आणून द्यावे.